गुण जुळवणारी सीडी

पिपलानी वसाहत, भोपाळ

तीर्थस्वरूप दादांस, धाकट्या अनंताचा दंडवत. इकडे सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत. तुमच्या पाठदुखीचं काय झालं ते कळवावं. (शालिनी म्हणते, आधी वहिनींची तब्येत विचारा, दादांची त्या सांगतीलच.)

आमच्या अनुराधाने कारखान्यातल्याच विश्वासला पसंत केल्याचं मी लिहिलं, तेव्हा तुम्ही हो-नाही काही न कळवता नागपूरहून पत्रिका जुळवायची सीडी धाडलीत. ती आल्या दिवशीच कॉम्प्युटरवर चढवायला घेतली. (आधी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. कारखान्यात नवं मशिन आलं की आम्ही नारळ फोडतो, घरी टेबलाला काच असल्याने नुसता ठेवला.) अर्ध्यात शालिनीने मिक्सर लावला आणि फ्यूज उडाला. अर्धवट चढलेला प्रोग्राम नवऱ्या मुलाची जन्मवेळ विचारायचा, मुलीची विचारायचाच नाही. म्हणून तो काढून पुन्हा चढवला. मग दोघांची माहिती भरली. छत्तिसात अकरा गुण आले.

शालिनी देवघरात जाऊन बसली. अनुराधाने निमूटपणे सगळ्यांच्या पोळ्या केल्या, स्वतः मात्र जेवली नाही. दादा, पोरीच्या तोंडाकडे बघवेना. दुरुस्तीला बिट्टन मार्केटहून मेकॅनिक आणला. त्याने प्रोग्राम उघडला, मिटला, चहा घेतला आणि म्हणाला, "भाईसाब, इसमें कोई खराबी नहीं, ग्यारह ही आएंगे."

माझी सगळी नोकरी तपासणी विभागात गेली, हे तुम्ही जाणताच. आमच्याकडे माल नापास झाला तर तो लगेच भंगारात जात नाही. आधी मोजणारं उपकरण तपासतात. उत्तम म्हणून ठरलेला एक नग त्यावर मोजायचा, तोही नापास झाला तर खोट उपकरणात. मी तेच केलं. ज्यांच्या संसाराला अख्ख्या नात्यात कुणी नाव ठेवलं नाही असं एक जोडपं घेतलं आणि त्यांच्या पत्रिका भरल्या. नऊ गुण आले. नियमाप्रमाणे मी उपकरण बाद केलं आणि प्रोग्राम काढून टाकला. (त्याच्याबरोबर मराठी टायपिंगही गेलं, म्हणून हे पत्र हाताने. शनीचं चित्र तेवढं पडद्याच्या कोपऱ्यात राहिलं आहे. पुसलं की परत येतं. मी आता त्याच्या वाटेला जात नाही.)

वहिनींना नमस्कार सांगावा.

तुमचा,
अनंता

ता. क. सीडी सोबत परत पाठवतो आहे. विश्वासच्या घरचे साखरपुड्याची तारीख मागताहेत. काका येऊन बसल्याशिवाय मी अंगठी घालणार नाही, असं अनुराधाने त्यांना परस्पर सांगून टाकलं आहे. दादा, तुम्ही नाही म्हणालात तर पोर खरोखर थांबेल. या हो.

आणखी ता. क. तपासणीसाठी घेतलेलं जोडपं म्हणजे तुम्ही आणि वहिनी. वहिनींना कळवलेलं नाही. अनुराधाला मात्र सांगावं लागलं. ती म्हणाली, बाबा, काका-काकूंचं नवात इतकं छान झालं, आमच्याकडे तर दोन जास्तच आहेत.