खराब लिहिलेला डबा

३ जानेवारी
रोजनिशी सुरू. फक्त स्वतःसाठी. पुढेमागे कुणी छापलीच तर नाइलाज आहे.
मॅडमनी लॅबमधल्या नवीला खिडकीजवळची खुर्ची दिली. मी इतकी वर्षं फ्रीझरला चिकटून. हेवा वगैरे नाही. उन्हाने डोकं दुखेल बिचारीचं.
तिने विचारलं, दादा, फ्रीझरमधला तुमचा तो 'खराब' लिहिलेला डबा टाकायला नेऊ का? म्हटलं, ने. कचरा उचलायला बरी आहे.

६ मार्च
मीटिंग. नवीचा ग्राफ. उंदराच्या गर्भात आई-बापाकडून आलेल्या म्हातारपणाच्या खुणा पहिल्या काही दिवसांत पुसल्या जातात म्हणे. पेशींचं वय आधी उतरतं, मग चढायला लागतं. मॅडम चक्क खुर्चीतून उठल्या! माझ्या ग्राफला त्या फक्त फोन घ्यायला उठतात.
अहो, वय कधी उतरतं का? माझं उतरलं? सॅम्पल खराब असणार. सगळ्यांसमोर सांगून टाकलं. नवी म्हणाली, दादा, असेलही, पुन्हा बघते. लबाड!

९ मार्च
संकल्प: तोच प्रयोग स्वतः करून तिचं पितळ उघडं पाडायचं. उद्यापासून पहाटे लॅबमध्ये.

१० मार्च
दुपारी पोचलो. अलार्म वाजलाच नाही. बायको म्हणते वाजला, आणि मी त्याला शिवी दिली.

२ एप्रिल
माझा रिझल्ट आला. वय उतरतंय. म्हणजे मशीन बिघडलंय. मेकॅनिक म्हणाला, मशीन ठणठणीत आहे. त्याला काय कळतंय, कप्पाळ! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण खरंच वाकडं आहे.
दोन वर्षांपूर्वीही माझ्या सॅम्पलमध्ये हाच घोळ झाला होता. तेव्हा मी ताबडतोब डब्यावर 'खराब' लिहून मोकळा झालो. याला शिस्त म्हणतात. नवीला कोण शिकवणार?

१९ जून
नवीचा पेपर छापून आला. आभारात पहिलं नाव माझं. सगळी सॅम्पल त्या डब्यातली. नवी म्हणाली, दादा, टाकायलाच नेत होते, म्हटलं फेकण्याआधी एकदा बघावं. वर पायाही पडली.
घरी बायकोने विचारलं, म्हणजे आधी तुम्हालाच सापडलं होतं का हो? ताटावरून उठलो.
हेवा वाटतोय. नवीचा नाही. दोन वर्षांपूर्वी तो डबा हातात घेऊन 'खराब' लिहायला पेन शोधत होता ना, त्या गाढवाचा.