खरवडलेलं लेबल

मंगळवार, तारीख अठरा

थोरले,

आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघे आपल्या मर्जीने चालतात, मी त्यांच्या मागून जाते. जावईबापूंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं. आता तुझ्या कपाळावरच्या आठ्या त्यांना स्पष्ट दिसत असतील, बिचारे.

अक्षर बघून तू म्हणशील, हे कुणाकडून लिहून घेतलं? कुणाकडून नाही. आजवर तुला आलेलं प्रत्येक पत्र शेजारच्या शिंप्याने लिहिलं, आणि तो मेला त्यात पदरचं घालायचा. ‘तुझ्या आठवणीने डोळे पाणावतात’ हे त्याचं. मी फक्त खुशाली सांगायची. हे पत्र त्याला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून तीन वर्षं गेली, लिहायला शिकेपर्यंत.

आमच्या चौकातल्या सार्वजनिक वाचनालयात दुपारी मोठ्या माणसांचा वर्ग असतो. शिकवणारी तिथली ग्रंथपालच. तुझ्या लेकीच्या वयाची आहे. चष्मा डोक्यावर असतो आणि टेबलाखाली शोधत बसते. पहिल्या दिवशी मला म्हणाली, “आजी, वाचता यायला लागलं की काय वाचणार? कादंबरी?”

मी म्हटलं, “रडायला पुस्तक कशाला लागतंय? घरात कांदे आहेत.”

सगळे हसले. मग मीही हसले. पण त्या वर्गात मला एक त्रास व्हायचा. मी अडखळत शब्द जुळवला की ती म्हणायची, “बरोबर वाचलंत, आजी.” बाकीच्यांना हे ऐकून गुदगुल्या व्हायच्या. माझ्या अंगावर काटा यायचा. दोनदा मध्येच उठून घरी आले. शेवटी तिला सांगितलं, मला शाबासकी देऊ नकोस, नुसती मान हलव. का म्हणून तिने विचारलं. मी पाटीत तोंड घातलं.

मागच्या महिन्यात तुझ्या लेकीचा फोन आला. बाळ पाच महिन्यांचं झालं, तिला कामावर जायचंय आणि तू बाळ सांभाळायला नाही म्हणतेस. “आजी, औषधाची वेळ झाली की आई खोलीतून निघूनच जाते. बाटली दिसली तरी ती हात मागे घेते. विचारलं की म्हणते, मला नीट वाचता येत नाही. अगं, दुकानाच्या पाट्या तर फाडफाड वाचते!”

मी म्हटलं, “बघते.” दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसले.

ग्रंथपाल आली. मी विचारलं, “कपड्यांचे डाग काढायचं पाणी पोटात गेलं तर काय करावं, हे कुठल्या पुस्तकात असतं?”

तिचा चष्मा डोक्यावरून नाकावर आला. “कुणाच्या पोटात गेलं? आत्ता?”

“आत्ता नाही. अठ्ठेचाळीस वर्षं झाली.”

ती कपाटाकडे गेली. एक जाडजूड पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवलं आणि पुस्तकाच्या शेवटी विषयांची यादी असते, तिथून पान कसं शोधायचं ते दाखवलं. दुसरी कुणी असती तर स्वतःच वाचून मोकळी झाली असती. हिने माझं बोट यादीवर ठेवलं आणि बाजूला सरकली. पान मी काढलं. ‘उलटी करवू नये’ असं लिहिलंय तिथे, ठळक अक्षरात. जाताना जाळतं ते वर येताना पुन्हा जाळतं.

मी तुझ्या धाकट्या भावाला मिठाचं पाणी पाजलं होतं. घशात बोटं घातली होती. चार वेळा.

ते वाचत बसले तेव्हा कपाटामागे कुणीतरी खोकलं. लहान मूल. मी उठून मागे जाऊन पाहिलं. जाड पुस्तकं, धूळ आणि भिंत. ग्रंथपाल म्हणाली, “तिथे कुणी नसतं आजी, नळाचा पाइप वाजतो.” असेल. पण तो पाइप मी बसले की खोकतो आणि उठले की थांबतो. आणि खोकून झाल्यावर दम घेतो, तोही धाकटा घ्यायचा तसाच, शेवटी शीळ वाजल्यासारखा. आता रोज जाऊन बसते. कशाला जातेस म्हणशील, तर तो एकटा खोकत बसेल म्हणून.

मग मी तिला त्या वर्षीचे पेपर काढायला लावले. वर्ष आणि महिना सांगितला की बांधलेले गठ्ठे मिळतात, हेही मला तिथेच कळलं. चार दिवस पानं उलटत होते. पाचव्या दिवशी सापडलं. आतल्या पानावर, सायकलच्या जाहिरातीखाली, पाच ओळी. ‘दहा वर्षांच्या बहिणीने, नीट वाचता येत नसल्याने, चुकीच्या बाटलीतील द्रव पाजल्यामुळे बालकाचा मृत्यू.’

थोरले, हे त्या पेपरवाल्याला मी सांगितलं होतं. आता ऐक.

मी धुलाईच्या कारखान्यात होते ते तुला आठवतं. आम्ही बायका तिथलं डाग काढायचं पाणी रिकाम्या बाटल्यांत भरून गुपचूप घरी न्यायचो. माझ्याकडे खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली होती, तीत भरलं. लेबल तसंच राहिलं. लेबल माझ्या लेखी कागदाचा तुकडा. मला अक्षर येत नव्हतं, मी बाटल्या दोऱ्याने ओळखायची. दोरा गळ्याला बांधला की ती विषाची. घरात हे मला एकटीला माहीत. तुला सांगायचं सुचलंच नाही, कारण तुला तर वाचता येत होतं.

त्या दुपारी मी कामावर. धाकटा खोकत होता. तू लेबल वाचलंस: खोकल्याचं औषध, मुलांना दोन चमचे. तू दोन चमचे दिलेस.

मी घरी पोहोचले तोवर तो तळमळत होता. संध्याकाळी गेला. पोलीस येणार असं कळलं तेव्हा मी बाटली टबात बुडवली, दोरा तोडला आणि लेबल नखांनी खरवडून काढलं. चोरून आणलेलं पाणी, त्यात नोकरी जाईल, तुरुंग होईल, हे सगळं डोक्यात होतं. पण खरं सांगू? सगळ्यात जास्त भीती शेजारणींची होती. पोलीस आला तेव्हा म्हटलं, बाटलीवर काही लिहिलेलं नाही, औषधाची वेगळी होती, पोरीला अजून नीट वाचता येत नाही.

तू दारात उभी होतीस. “मी बरोबर वाचलं होतं, आई. मी बरोबर वाचलं होतं.” मी तुझ्या तोंडात मारली.

आठवडाभर तू तेच म्हणत होतीस. मग थांबलीस. मग शाळाही सोडलीस, आणि मी लोकांना सांगितलं, पोरीचं डोकंच चालत नाही. पुढे तुला माझंच खरं वाटू लागलं. त्या लेबलाचा लगदा नखांत किती दिवस राहिला, ते मी कुणाला सांगितलं नाही.

मी ग्रंथपालला म्हटलं, ह्या पाच ओळी खोड. ती म्हणाली, “छापलेलं खोडता येत नाही, आजी. पण तुम्ही खरं काय ते लिहून सही करून दिलंत, तर मी ते त्याच पानाशी जोडून ठेवीन. जो कुणी ते पान उघडेल त्याला दोन्ही वाचावं लागेल. फक्त ज्यांच्याबद्दल आहे त्या हयात असतील, तर आधी त्यांना विचारा.”

म्हणून विचारते. जोडू की नको? नको म्हणालीस तर नाही जोडणार. माझी लाज झाकली जावी म्हणून मात्र नको म्हणू नकोस, ती मी पुष्कळ झाकली.

माफीबिफी लिहून पाठवू नकोस. शिंप्याच्या पत्रात शोभतं ते. तू भाऊ मारला नाहीस, एवढं जावईबापूंना आणि लेकीला मोठ्याने वाचून दाखव. मग बाळाला उचल. त्याच्या औषधावर जे लिहिलं असेल ते वाच आणि तेवढं दे.

बाटली भरणारी,
तुझी आई