एकोणपन्नास नंबरचं मशीन

देवळाली कॅम्प,
३ ऑगस्ट २०२५

चि. वेदिका हिला आत्याचे अ. उ. आ.

पत्रास कारण तुझा मोबाईल. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून तो माझ्या कपाटात ठेवून तू नाशिकच्या होस्टेलवर गेलीस. हा त्याग मोठाच आहे, पण जाताना गजर लावून गेलीस. रोज पहाटे माझ्या साड्यांच्या घडीतून एक बाई मला इंग्रजीत बजावते, की आजचा दिवस माझा आहे. मी पन्नाशीची आहे. माझा दिवस कोणाकोणाचा असतो ते मला पाठ आहे. बंद करायला तो आकडा मागतो. तुझ्या आतोबांनी आता तो गादीखाली दाबून ठेवलाय, तरी त्याचा उत्साह कमी होत नाही. डबेवाला दीपक तुझा डबा घेऊन येतो, त्याच्याच हाती आकडा लिहून पाठव.

तुझं ते अ‍ॅप्टिट्यूडचं जाड पुस्तक इथेच राहिलं. दुपारी चाळायला घेतलं आणि हबकले. एक गवळी राजरोस दुधात पाणी घालतो आणि पुस्तक विचारतं, त्याला शेकडा नफा किती? दोन नळ टाकी भरतायत, तिसरा गळतोय. तो बंद करावा हे एकालाही सुचत नाही, सगळे वेळ मोजत बसलेत. पंधरा माणसं भिंत बांधायला घेतात, पाच मधेच निघून जातात, आणि का गेली हे विचारायची सोय नाही. या मंडळींच्या भरवशावर कंपन्या नोकऱ्या देतात, हे मला नवीन आहे.

असो. दोन कंपन्यांत याच गणितांनी तुला पाडलं. दादाने मला बजावून सांगितलंय, की ही तिसरीही गेली तर दिवाळीपासून तू येवल्याला, पैठणीच्या दुकानात बसायचंस. गिऱ्हाइकांपुढे घड्या मोडत आयुष्य काढायची तुझी इच्छा नाही हे मी जाणून आहे. तेव्हा एक ध्यानात ठेव: शेकडा पंचाहत्तर दिसले की गुणाकार मांडत बसू नकोस, सरळ पाऊण घे.

डब्यात मेथीचे पराठे आहेत. माया त्यातच लावली आहे, वेगळी पाठवत नाही.

तुझी,
राखी आत्या

नाशिक,
५ ऑगस्ट

ती. राखी आत्यास वेदिकाचा सा. न. वि. वि.

गजराचा आकडा म्हणजे तुझ्याच वाढदिवसाची तारीख आणि महिना. आतोबांची क्षमा मागते. गवळ्याबद्दल म्हणशील तर परीक्षेत त्याच्या चारित्र्याला गुण नसतात, फक्त नफ्याला असतात.

तुझ्यासारखाच एकजण आमच्या वर्गात आहे. ललित नाव, मखमलाबादचा, घरची भाजीची शेती. सरांनी टाकीचं गणित घातलं तर म्हणतो कसा, की सर, घरी पाना आहे, नळ मी बदलून देतो. त्याला नोकरी नकोच आहे, शेतीच करायचीय. पण पोरानं एसीत बसावं असं त्याच्या वडिलांनी ठरवून टाकलंय.

येत्या ८ तारखेला परीक्षा. यावेळी जमेल असं वाटतंय, कारण घड्याळाची आणि रेल्वेची गणितं हात न थांबता सुटतात. एक विचारू का? रागावू नकोस. पाऊण म्हणजे नक्की किती?

तुझी,
वेदिका

देवळाली कॅम्प,
६ ऑगस्ट

चि. वेदिकास आ.

तुझा प्रश्न वाचला आणि हातातली परात खाली ठेवली. तुझे आजोबा जन्मभर सव्वा, दीड आणि पावणेदोन वारांवर कापड फाडत आले, आणि त्यांची नात विचारते पाऊण म्हणजे किती. आतोबांना वाचून दाखवलं, तर ते चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

चारातले तीन भाग, बाई. परीक्षा होऊ दे, मग तुझ्या मराठी अंकांची उजळणी मी घेते. तोवर तुझ्या इंग्रजी अंकांना माझा आशीर्वाद.

हादरलेली,
आत्या

नाशिक,
९ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न.

यादी लागली. माझं नाव नाही.

पेपर मला सोपा गेला होता, आत्या. पन्नासपैकी पंचेचाळीस तरी बरोबर असणार म्हणून काल मी जेवताना गात होते. सरांनी गुण दाखवले, अकरा. आणि पहिला कोण, तर ललित. तो यादीसमोर असा उभा होता, जणू त्याच्याच घराला आग लागलीय. कोणी अभिनंदन केलं तरी हात पुढे करेना.

आता माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. चार दिवसांत येवल्याची एसटी धरते. बाबांना तूच सांग, माझ्याने होणार नाही.

वेदिका

देवळाली कॅम्प,
१० ऑगस्ट

चि. वेदू,

अकरा हा आकडा मी चष्मा लावून वाचला, मग चष्म्याशिवाय वाचला. काही फरक पडला नाही.

दादाला मी काहीही सांगणार नाही. तूही बॅग भरू नकोस. पाच माणसं मधेच का निघून गेली हे पुस्तकाने विचारलं नाही, म्हणून आपणही विचारायचं नाही असं थोडंच आहे? सरांकडे जा आणि चौतीस गुण कुठे गेले ते विचार. आधी रडून घे हवं तर, पण जा.

डब्यात श्रीखंड आहे. ते आनंदाचं समजू नकोस, ताकदीचं समज.

आत्या

नाशिक,
१४ ऑगस्ट

ती. आत्यास वेदिकाचा सा. न. वि. वि.

मी सरांच्या खोलीशी पोचले तर ललित आधीच आत. तो तक्रार घेऊन आला होता, की मी पास झालोय. असली तक्रार सरांनी नोकरीत पहिल्यांदाच ऐकली असावी. हातातला चहा त्यांनी टेबलावर न ठेवता फायलीवर ठेवला. ललित म्हणाला, नापास व्हायचं म्हणून मी सगळीकडे 'सी' दाबला आणि झोपलो, मग पहिला आलोच कसा? घरी वडिलांनी गल्लीभर पेढे वाटलेत, आता त्यांच्यापुढे कसा जाऊ?

सरांनी मशीनची यादी काढली. मला ४९ नंबरचं मशीन होतं, ललितला ५९. नंबर दारात यादव काका तोंडी सांगत होते. पडद्यावर नाव नसतं, नुसतं 'सुरू करा'; गुण नंबरावरून नावापुढे पडतात. काकांना बोलावलं. ते छातीवर हात ठेवून म्हणाले, पोरीला मी एकोणपन्नासच सांगितलं. मी म्हटलं, बरोबर, तिथेच बसले होते.

सरांनी माझ्या हातात खडू दिला आणि फळ्यावर एकोणपन्नास लिहायला सांगितलं. मी ठसठशीत लिहिलं, ५९.

आत्या, यादव काका तर भिंतीला टेकले. माझ्या डोक्यात ते कायम नऊ आणि पन्नास असंच होतं. ललित उशिरा आला, स्वतःची जागा भरलेली बघून रिकाम्या ४९ वर बसला. नापासच व्हायचंय तर कुठूनही होता येईल, असा त्याचा विचार.

कंपनीने कॅमेऱ्यात पाहिलं, शिवाय मला समोर बसवून गणितं घातली. गुण अदलाबदल झाले. काल मुलाखत झाली आणि आज निवड झाल्याचं कळलं. ऑफिस नाशकातच. फळ्यावरचं ते उत्तर बरोबर आलं असतं, तर माझं कोणीच ऐकलं नसतं.

तुझी,
वेदिका

देवळाली कॅम्प,
१८ ऑगस्ट

चि. वेदिका हिस अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

नोकरीचा आनंद मी सावकाश करीन, आधी धक्का ओसरू दे. एकोण म्हणजे एक उणा, वेदू. पन्नासाला एक उणा. बावीस वर्षं तू दहा जास्त धरून जगत आलीस आणि घरात कोणाला पत्ता नाही.

दादाला फोन केला. तो म्हणाला, म्हणजे दुकानात बसली असती तर एकोणतीस हजारांची पैठणी हिने एकोणचाळीसला विकली असती. तुझ्या नोकरीचा त्याला अभिमान आहे, पण आता आवाजात थोडी हळहळही येते.

रविवारपासून उजळणी. पाटी मी आणली आहे. लोभ आहे तेवढाच राहील, अंक आले तर वाढवू.

तुझी,
राखी आत्या

ता. क. काल नाशकात भाजीबाजारात गेले होते. मखमलाबादकरांची जागा विचारत ललितच्या आईपाशी, मैनाबाईंपाशी पोचले. मी कोण ते सांगितलं नाही, वांगी निवडत बसले. त्या आपणहून सांगत होत्या, की मालक पोराशी बोलत नाय, गल्लीत वाटलेले पेढे त्यांना लय लागलेत; पोरगं मात्र पहाटेच उठून मेथी काढतंय. पेढे वाटले त्यांनी, गुण होते आपले. त्या सुटे शोधायला वळल्या तेव्हा पिशवीतला पेढ्यांचा पुडा कोथिंबिरीच्या जुड्यांमागे ठेवला, वांगी घेतली आणि बस धरली.