ठेका कोणी द्यायचा

ती. आईंस,

जावयाचा वाकून नमस्कार. (खरंच वाकून. ऑफिसात टेबलाखाली बसून लिहितोय, समोरून दिसू नये म्हणून.) तुमचा गुडघा कसा आहे? त्याचं खापर तुम्ही माझ्या गाडी चालवण्यावर फोडलंत, हे कानावर आलं. आम्ही दोघं मजेत आहोत. म्हणजे मी आहे. तुमची मुलगी कशी आहे, ते तिने मंगळवारपासून मला सांगितलेलं नाही.

झालं असं. समोरासमोरच्या टेबलांवर बसून आम्ही एका बोलणाऱ्या लिफ्टचं काम करतो. 'तिसरा मजला' वगैरे म्हणणारी. तिच्यात दोन चिप असतात. एक कंट्रोलर, म्हणजे हमाल: साठवलेला आवाज आकड्यांच्या रूपात उचलून दुसरीच्या दारात नेऊन टाकायचा. दुसरी कोडेक: त्या आकड्यांचा खराखुरा आवाज करायचा, लहानमोठा करायचा, नको तेव्हा गप्प बसवायचा. त्यांना कामाला लावणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर, आणि तोही प्रत्येकाचा वेगळा, कारण उद्या तोच कोडेक दुसऱ्या कंट्रोलरच्या पदरी पडू शकतो. म्हणून एकाने दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसायचं नाही. हमाल माझा, गळा तिचा. (वाटणी साहेबांनी केली. ते एकदा आमच्याकडे जेवले होते.)

आता दोघांनी मिळून चालायचं, तर आकडे कोणत्या तालावर सरकायचे, तो ठेका एकच हवा. एकाने द्यायचा, दुसऱ्याने धरायचा. मी माझ्या ड्रायव्हरमध्ये लिहिलं, ठेका मी देणार. तिनेही तेच लिहिलं. लिफ्ट अशी किंचाळली की साहेबांचा चहा साहेबांच्याच शर्टावर. मी शांतपणे म्हणालो, गळ्याने हमालाच्या चालीने चालावं. ती त्याहून शांतपणे म्हणाली, आईने मला सांगितलंच होतं. (काय सांगितलं होतंत, ते कळवावं.) तेव्हापासून अबोला.

मग मला पाझर फुटला. तिला न सांगता मी बदल केला: ठेका तू दे, मी धरतो. तुमच्या मुलीलाही नेमका त्याच दुपारी पाझर फुटला. दुसऱ्या दिवशी एका हॉटेलचे मालक लिफ्ट बघायला आले, तर ती मजल्यामागून मजले मुकाट चढत राहिली. आकडे दारात ताटकळलेले, ठेका कोणीच देईना. मालक म्हणाले, मुकी लिफ्ट आमच्याकडे आहेच की.

खरं तर हे आम्ही आपापल्या डोक्याने ठरवायचंच नसतं. त्यासाठी तिसरी एक छोटी फाईल असते: कोण कोणाशी जोडलंय आणि ठेका कोणाचा, एवढंच तिच्यात. ती तिने लिहिली असेल असं मला वाटलं, मी लिहिली असेल असं तिला. आता मी लिहावी, तर मीच मला मुकादम नेमलं असं होणार. लिफ्टचं काय व्हायचं ते होवो. पण आई, ती बोलत नाही तर घरात मला करमत नाही.

तुमचा,
गाडी नीट चालवणारा जावई

ता. क. तिसरी फाईल म्हणून चार दिवस येऊन राहाल का? मी बोलावलं हे तिला कळू देऊ नका.

ता. क. (अक्षर ओळखलंस ना, आई?) याने टेबलाखालूनच पत्र शिपायाच्या हाती दिलं, पण बाहेर जाणाऱ्या टपालाचा ट्रे माझ्याच टेबलावर असतो, हे हा विसरला. ती फाईल मी सकाळीच लिहिली. ठेका त्याचा ठेवलाय. आवाज किती आणि केव्हा, ते माझ्याकडे. लिफ्ट छान बोलतेय. याला अजून सांगितलेलं नाही, टेबलाखालून बाहेर आला की सांगीन, मलाही करमत नाहीये. तू येऊ नकोस, गुडघा सांभाळ. आणि तू मला कधीच काही सांगितलं नव्हतंस, हे मात्र याला कळवू नकोस.