शौनकची मंजुरी

२ ऑक्टोबर
‘हापूस बागायतदारांनो! परक्या आंब्याच्या पेट्यांवर रत्नागिरीचं नाव छापलं जातं आणि आपण गप्प बसतो!’ सभेत टाळ्या. उपाय माझाच : कलमाकलमाखाली सेन्सर, बागेची प्रत्येक नोंद ब्लॉकचेनवर. एकदा चढली की ब्रह्मदेवालाही पुसता येणार नाही. सुरुवात आमच्या बागेपासून. नोंदीला दुसऱ्या मालकाची मंजुरी लागते, म्हणून मुंबईला असलेल्या आमच्या मुलाचं, शौनकचं, नाव घातलं. गणपतीत आला होता तेव्हा त्याच्याशी खूप बोललो. म्हणजे मी बोललो. आता रोज संवाद होईल.

८ ऑक्टोबर, सकाळी
सेन्सर म्हणाला, माती कोरडी. ठिबक आपोआप सुरू. शौनकची मंजुरी क्षणात! ऑफिसात असून! पोराचा जीव इथेच आहे.

२१ ऑक्टोबर
शेजारचा धाकू दगडी गडग्यापलीकडून ओरडला, ‘अण्णानू, पाऊस सरल्यावर कलमांना पाणी घालतात काय? पाण्याचा ताण बसल्याशिवाय मोहोर यायचा कसा?’ त्याला डेटा म्हणजे काय ते सविस्तर समजावलं. मध्येच निघून गेला. ताण मलाही ठाऊक आहे. पण शौनक याच बागेत वाढला. चूक असती तर मंजूर केलं असतं का?

२ डिसेंबर
धाकूकडे मोहोर. आमच्याकडे नुसती पालवी. देखणी आहे. नोंदीखालच्या शेऱ्यात लिहिलं, ‘मोहोर नाही. तुझं मत?’ मंजूर.

१८ डिसेंबर
शेरा : ‘आईचे गुडघे धरलेत. तुझी आठवण काढते.’ मंजूर. हिला दाखवलं. ही म्हणाली, ‘अहो, गुडघे मंजूर म्हणजे काय?’ हिला टेक्नॉलॉजी कळत नाही.

९ जानेवारी
शेरा : ‘मी कमी बोलेन. ये.’ मंजूर! त्याची खोली झाडून घेतली. हिने आंबोळ्यांचं पीठ भिजवलं.

११ जानेवारी
आला नाही. हायवेचं काम चालू आहे. पीठ फार आंबलं.

१४ जानेवारी
कंपनीचा विनीत सेन्सर तपासायला आला. मंजुऱ्या दाखवून शौनकचं कौतुक केलं. तो चाचरत म्हणाला, ‘काका, हे ऑटो-अप्रूव्ह आहे, मंजुरी आपोआप पडते. शौनकदादांनी पहिल्याच दिवशी सेटिंग केलं. नंतर ॲप उघडलेलंच नाही.’
ही आतून ऐकत होती. चहा घेऊन बाहेर आली नाही.

१५ जानेवारी
ठिबक बंद. यंदा मोहोर नाही.
शौनकला मेसेज लिहायला बसलो. भाषण झालं. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. उरलं ते पाठवलं :
शौनक, फोन कर. भांडायला का होईना, पण तू स्वतः कर.