कान झाकल्यावर ऐकू आलं ते

प्रिय मधू,

तुझे फोन येतात आणि मी उचलत नाही, याचा तुला राग आला असेल. येऊ दे. फोनवर तू नुसतं "ताय" म्हणालास की मला पुढे कठोर बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले. भावाचं घर सोडून नणंदेच्या दारी जाऊन बसली, लोक काय म्हणतील, असं तू बायकोजवळ, विठाजवळ बोललास म्हणे. शालनने मला दार उघडलं तेव्हा एक अक्षर विचारलं नाही. बदलापूरला तिच्याकडे मला सगळं आहे. सकाळचं ऊन आहे, हातात चहा आहे. फक्त भिंतीला टेकून बसायचं मात्र मी सोडलंय. पाठ दुखली तरी ताठ बसते. शालनला वाटतं, गुडघ्यांसारखाच हाही काही म्हातारपणाचा प्रकार असेल.

पहिला हेडफोन तूच आणून दिलास. दिवाळी नुकतीच झाली होती आणि खाली तुझ्या गाळ्यात तोडफोड चालू होती. शेजारचा गाळा मिळाला, आता दोन्ही एक करतो, मशिनी वाढवतो, म्हणून तू पेढे घेऊन आला होतास. तू पाळण्यात होतास तेव्हा मी शाळेत जात होते. तुझं काही मोठं झालं की मला अजूनही माझंच झाल्यासारखं वाटतं. पण त्या हातोड्यांनी तिसऱ्या मजल्यावर माझ्या ताटातली वाटी हलायची. मी तक्रार केली नव्हती. तूच एकदा जेवायला बसलास, वाटीकडे पाहिलंस आणि दुसऱ्या दिवशी डबी घेऊन आलास. हे कानात घाल आणि दाजींची भजनं ऐकत बस, खालचं काही ऐकूच येणार नाही, असं म्हणालास. हे गेल्यावर पालेगावचं घर मला खायला उठलं होतं, तेव्हा कॅम्प एकमधल्या, तुझ्या गाळ्याच्याच बिल्डिंगमधल्या त्या खोल्या तूच मला दिल्यास. ते मी विसरलेले नाही. पुढचं वाचताना तूही हे विसरू नकोस.

ते कानात खुपसायचे बोंडके मला जमले नाहीत. एक सारखा गळून उशीखाली जायचा, दुसऱ्याची बॅटरी नेमकी गजर रंगात आला की संपायची. आणि आवाज कसा, तर डब्यातून आल्यासारखा. माझ्या रिद्धीने ह्यांच्या जुन्या कॅसेटी पुण्याला नेऊन मोबाईलवर उतरवून दिल्या होत्या. पालेगावच्या देवळातलं भजन, धर्मराजबुवा म्हणून गाव ज्यांना ओळखायचं त्यांचा आवाज. तो मला डब्यातून ऐकायचा नव्हता. म्हणून गोल मैदानाजवळ हरेशभाईंच्या दुकानात गेले. त्यांनी आधी कानावर हलके बसणारे, स्पंजवाले दिले. घरी आणून लावले तर भजनात तुझ्या शिलाई मशिनी मिसळल्या. परत गेले तर हरेशभाई हसले. "मैडम, ये खुला वाला है, बाहर का भी सुनाई देगा. आपको बंद वाला चाहिए."

मग ती दुपार मी त्यांच्या दुकानात काढली. मोबाईलमधलं ह्यांचंच भजन लावून एकेक डोक्यावर चढवून पाहिला. एकात पखवाज असा धडधडायचा की हळदीतला डीजे वाटावा. एकात टाळ कानाला टोचत होते. एक चांगला होता, पण इतका घट्ट की कानशिलं दुखायला लागली. शेवटी एक काळा, जाड गाद्यांचा, वायरवाला लावला आणि मी तीच ओळ मागे नेऊन पुन्हा ऐकली. ओळ उचलण्याआधी हे श्वास घ्यायचे तो श्वास ऐकू आला. बोटातली अंगठी पेटीच्या लाकडाला लागायची ते ऐकू आलं. मागे कोणीतरी खोकलं, ते बहुधा आपले बाबा. माझ्या मोबाईलला वायरचं भोक नाही म्हणून हरेशभाईंनी मध्ये लावायचा एक छोटा तुकडाही दिला. मी तो हेडफोन घरी असा आणला, जसं काही ह्यांनाच घेऊन येतेय.

काही आठवडे माझे सुखाचे गेले. जेवण झालं की आतल्या खोलीत पलंगावर बसायचं, पाय पसरायचे, कोपऱ्यातल्या पिलरला पाठ आणि डोकं टेकायचं आणि कान झाकून घ्यायचे. मशिनी गेल्या, रिक्षा गेल्या, वरच्या मजल्यावर द्रौपदीबाईंचा टीव्ही गेला. आणि मग एका दुपारी, अभंगाची ओळ संपून दुसरी सुरू होण्याआधीच्या शांततेत, मला काहीतरी मोडल्याचा आवाज आला. अगदी बारीक. वाळलेली काडी चिमटीत मोडावी तसा. मला वाटलं कॅसेटमधलाच असेल. पण दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्याच ठिकाणी आला.

हेडफोन बिघडला म्हणून मी दुकानात नेला. हरेशभाईंनी स्वतः लावून पाहिला, मला लावायला दिला. आवाज नाही. घरी आले, टेकून बसले, आवाज आहे. त्यांनी बिचाऱ्यांनी वायर बदलून दिली, मग त्याच जातीचा दुसरा हेडफोनच दिला. त्यातही तेच. रिद्धी फोनवर म्हणाली, आई, मोबाईल खराब असेल. म्हणून एका शुक्रवारी, तुझ्या मशिनींना सुट्टी होती तेव्हा, मी मोबाईलची वायरच काढून टाकली. गाणं नाही, काही नाही, नुसते कान झाकलेले. आणि पिलरला डोकं टेकून बसले.

मधू, आवाज आला. आधी काडीसारखा. मग खोलवरून, दगडावर दगड हळूच सरकावा तसा. मी डोकं पुढे घेतलं, बंद. टेकवलं, पुन्हा. हेडफोनमधलं काही नव्हतंच ते. पिलरमधून माझ्या हाडांत येत होतं, आणि बाहेरचा गोंगाट झाकला गेला म्हणून मला कळत होतं, एवढंच. त्यानंतर मला आजवर न दिसलेलं दिसायला लागलं. मोरीचं दार खालून घासत होतं. पलंगामागे गिलाव्याला तिरपी भेग होती. मी पेन्सिलीने तिच्या टोकाला खूण केली आणि महिना सरायच्या आत भेग खुणेच्या पुढे गेली.

मी तुला वर बोलावलं. हेडफोन तुझ्या डोक्यावर ठेवला आणि टेकायला सांगितलं. तू हसत टेकलास. मग हसणं गेलं. तू डोळे मिटलेस आणि बराच वेळ तसाच राहिलास. मी तुझा चेहरा बघत होते. लहानपणी विहिरीत वाकून बघताना तुझा असा चेहरा व्हायचा. मग तू हेडफोन काढलास आणि म्हणालास, "ताय, जुनी बिल्डिंग हाय. जुन्या माणसासारखी कुरकुरते. तू नको मनाला लावून घेऊ." मला हायसं वाटलं. खरं सांगते, वाटलं. पण तू पुन्हा टेकला नाहीस. चहा अर्धा ठेवून उठलास.

त्यानंतर विठा दुपारची गाळ्यात यायची बंद झाली. रोज तुझा डबा घेऊन येणारी, गल्ल्यावर बसून कारागिरांशी गप्पा मारणारी बाई. मी फोन केला तर म्हणाली, ह्यांनी सांगितलंय, उन्हातान्हाचं वांगणीहून यायची गरज नाही, ते बाहेरच जेवतील. तुझ्या अमितलाही तू गाळ्यात पाऊल टाकायला मनाई केलीस, कारण त्याने परीक्षेचा अभ्यास करावा. तुझं स्वतःचं टेबल आतल्या कोपऱ्यातून शटरपाशी आलं, कारण तिथे हवा लागते. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. पण कारागीर होते तिथेच होते. उलट चार नवीन आले.

तू वांगणीला गेला होतास त्या दिवशी मी खाली आले. जेवणाची सुट्टी होती. माझ्या खोलीच्या बरोबर खाली, आतल्या कोपऱ्यात, तू नवं प्लाय मारून घेतलंयस. त्याच्यामागे काय आहे ते बघायला मी फळी सरकवली. मला इंजिनिअरिंग येत नाही, पण पिलर किती जाड असतो एवढं कळतं. कापडाचे तागे सरळ आत नेता यावेत म्हणून तू तो एका बाजूने कापून काढलास. आतल्या सळ्या उघड्या होत्या, गंजलेल्या, आणि एक तर धनुष्यासारखी बाहेर आली होती. बाजूला लोखंडी टेकू लावलेला. तो टेकू नवा होता, मधू. त्यावरचा रंगही ओला वाटावा इतका नवा. म्हणजे माझ्या खोलीत कान लावल्यानंतर तू तो आणलास. प्लायला पाठ लावून एक कारागीर डबा खात होता. तो मला समजुतीने म्हणाला, "अम्मा, उधर हाथ मत लगाना. सेठ ने बोला है, उसको कोई छूना नहीं."

मी तुला विचारलं तेव्हा तू पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवलास. सीझन आहे, ऑर्डर आहे, सीझन संपला की पक्कं काम करून घेतो, तोवर तोंड बंद ठेव, असं म्हणालास. मी ठेवलं नाही. दारोदार गेले. तळमजल्याचं नाव न घेता सांगत होते, कारण तुझं नाव माझ्या तोंडातून निघेना. कोणी भेग पाहून आल्या पावली परत गेलं, कोणी म्हणालं बिल्डरने पाठवलंय का तुम्हाला. दोन घरं रिकामी झाली, ज्यांना जायला जागा होती ती. द्रौपदीबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "काशीबाई, मी कुठं जाऊ? तुम्हाला तरी नणंद आहे." त्या अजून तिथेच आहेत, माझ्या डोक्यावरच्या खोलीत. मी पिशवी भरली आणि चावी तुझ्या टेबलावर ठेवली. मला वाटलं, बहीण घर सोडून जाते आहे हे बघून तरी तू मशिनी थांबवशील.

परवा विठा इकडे येऊन गेली. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलली, मग रडायला लागली. तू माझ्या खोल्या भाड्याने दिल्यास म्हणाली. नवराबायको आहेत, अंगावर पिणारी मुलगी आहे. आतल्या खोलीत थंडावा असतो म्हणून त्या बाईने झोळी तिथेच बांधलीय, पिलरच्या कोपऱ्यात. अमितला तू तिथे उभं राहू देत नाहीस, मधू. तू घाबरला असतास आणि तुला कळलं नसतं, तर मी तुला अजून समजावत बसले असते. पण तुला कळलंय. पिलरला डोकं टेकून तू डोळे मिटलेस तेव्हाच कळलं होतं.

काल मी महापालिकेत गेले. जे पाहिलं ते सांगितलं, लिहून दिलं, खाली सही केली. तिथल्या बाईंनी विचारलं, गाळा कोणाचा. मी तुझं पूर्ण नाव सांगितलं, बाबांच्या नावासकट. त्यांनी विचारलं, तुमचे कोण? मी म्हटलं, भाऊ. त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचललं. हे आधी तुला कळवलं असतं तर तू रातोरात प्लायच्या मागे सिमेंट भरलं असतंस आणि वरून रंग दिला असतास, म्हणूनही फोन उचलले नाहीत. हे पत्र विठाच्या हाती देते आहे. ती ते तुला देईल तेव्हा मी बाहेर रस्त्यावर उभी असेन, पालिकेची माणसं आणि इंजिनिअर माझ्याबरोबर असतील. ते शटरपाशी येतील आणि मला विचारतील, हाच का तो, आणि मी हो म्हणेन. तुला पळायला सांगत नाही, माफीही मागत नाही. फक्त एवढंच कर. इथपर्यंत वाचलंस की मशिनी बंद कर. कारागिरांना एकेक करून बाहेर काढ, धावू देऊ नकोस. वर जा, त्या बाईला सांग झोळी सोड म्हणून, आणि द्रौपदीबाईंना हाताला धरून उतरव, त्यांना जिना दिसत नाही. सगळ्यांच्या शेवटी तू ये. मी हलणार नाही, बाहेरच आहे.

तू येईपर्यंत तुझीच,
काशीताय