आबांनी हत्ती निवडला

रविवार, संध्याकाळ. देवपूर.

वाघासाठी ताडोबा की हत्तींसाठी कबिनी, यावर आज घरात बराच वाद झाला. मी ताडोबावर अडून बसले. लहानपणी चोपड्याकडच्या शेतात वडिलांनी, आबांनी, मला कडेवर घेऊन बांधावरचा बिबट्या दाखवला होता. मला दिसेना, तर हनुवटी धरून हळूच मान वळवली. तो खरखरीत हात अजून हनुवटीला जाणवतो. त्यांच्यासोबत एकदा वाघ पाहायचाच होता.

आबा हसून म्हणाले, "पोरी, वाघ आते माले दिसाव नही. हत्ती मोठा शे, तो दिसी."

नजर इतकी गेली? कधी?

मी कबिनीचं बुकिंग केलं.

"हत्ती किती जवळ येस?" त्यांनी विचारलं.

"अगदी जवळ," मी म्हटलं. खरं तर मला ठाऊक नाही.